घरावरचे वीस फूट: सीबी रेडिओच्या अँटेनाची अमेरिकन गोष्ट

सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड रेडिओ, हे नाव आपल्याकडे ज्यांना माहीत आहे त्यांना ते बहुतेक इंग्रजी सिनेमामुळे माहीत आहे. लांबच लांब हायवे, अठरा चाकी ट्रक, हातात वेटोळ्या वायरचा माइक, आणि पुढे पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना सांगणारे ड्रायव्हर. १९७५ चं ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं आणि १९७७ चा ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा सिनेमा यांनी ते चित्र जगभर पोचवलं. चित्र खोटं नाही, पण अर्धं आहे. ट्रकमधला सेट दुसऱ्या ट्रकशी बोलायचा, तसा तो रस्त्याकडेच्या गावात स्वयंपाकघरात किंवा तळघरात सेट मांडून बसलेल्या माणसाशीही बोलायचा. घरच्या या सेटला ‘बेस’ म्हणायचे. आणि बेस म्हटला की घरावर अँटेना आली. आज आपण त्या घरावर चढणार आहोत.

दूरदर्शनची सुरुवातीची वर्षं ज्यांना आठवतात त्यांना गच्चीवरची अँटेना समजावून सांगायला नको. एक जण वर पाइप फिरवतोय, खिडकीतून कुणीतरी ओरडतंय, ‘आलं, आलं... गेलं!’ सीबीची अँटेना त्याच जातीची, पण एक मोठा फरक आहे. टीव्हीची अँटेना फक्त ऐकते. सीबीची बोलते सुद्धा. ऐकणारी अँटेना चुकली तर चित्रात मुंग्या येतात, बस्स. बोलणारी चुकली तर पाठवलेली शक्ती उलटी सेटमध्ये परत येते. म्हणून तिला नुसतं लावून भागत नाही, ती जुळवावी लागते. सतार लावतात तसंच म्हणा ना.

मुळात हा रेडिओ सामान्य नागरिकाच्या हातात द्यायचा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा. १९४५ साली अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, एफसीसीनं, ‘सिटिझन्स रेडिओ सर्व्हिस’ची कल्पना मांडली. तेव्हा जागा दिली होती ४६० मेगाहर्ट्झच्या वरची. वॉकी-टॉकीच्या जनकांपैकी एक, क्लीव्हलंडला वाढलेले अल ग्रॉस, यांनी या पट्ट्यासाठी हातात मावणारे सेट बनवले आणि १९४८ साली त्यांना सरकारी मान्यताही मिळाली. पण त्या काळात इतक्या उंच फ्रिक्वेन्सीवर स्वस्तात चालणारं यंत्र बनवणं कठीण होतं. योजना कागदावर छान आणि बाजारात लंगडी राहिली.

कलाटणी मिळाली १९५८ च्या सप्टेंबरमध्ये. एफसीसीनं हौशी रेडिओवाल्यांकडचा, म्हणजे हॅम मंडळींकडचा ११ मीटरचा पट्टा काढून घेतला आणि तिथे ‘क्लास डी’ ही नवी सेवा सुरू केली. फ्रिक्वेन्सी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. हॅम मंडळींनी हे पुढे कितीतरी वर्षं विसरलं नाही. परीक्षा देऊन मिळवलेली जागा परीक्षेविना लोकांना वाटली, ही त्यांची तक्रार. आणि वेळ बघा कशी साधली! सेवा हवी होती जवळच्या जवळ बोलण्यासाठी, दुकान ते डिलिव्हरीची गाडी, शेत ते घर, अशी. पण १९५७-५८ म्हणजे सूर्यावरच्या डागांचा ऐन बहर. अशा काळात २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वरच्या आयनोस्फिअरवर आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. ओहायोतला माणूस शेजारच्या गावाला हाक मारतोय आणि उत्तर देतंय टेक्सास. मग नियम आला की १५० मैलांच्या पलीकडे बोलायचं नाही. नियम आयनोस्फिअरला कोण समजावणार? (हशा)

आता मुख्य मुद्द्याकडे. सीबीच्या सेटला शक्ती किती, तर अंतिम टप्प्याला ५ वॅट, आणि अँटेनाकडे जाताना फार तर ४ वॅट. रात्रीच्या दिव्याला लागते साधारण तेवढी वीज. ही मर्यादा ओलांडणं गुन्हा. मग आवाज लांब पोचवायचा कसा? कायद्यात बसणारा एकच मार्ग उरतो: अँटेना चांगली, आणि उंच. उंचीचा हिशेब साधा आहे. अँटेनाची उंची चौपट केली की तिचं रेडिओ-क्षितिज दुप्पट लांब जातं. दहा मीटर उंचीवरून सपाट मुलखात ते साधारण तेरा किलोमीटरवर असतं. एफसीसीनं उंचीलाही लगाम घातला होता: ज्या घरावर अँटेना उभी आहे त्याच्यापेक्षा वीस फूट वर, त्यापुढे नाही. पुढे जमिनीपासून साठ फुटांपर्यंतची मुभाही आली. पण घराघरात मापायची सवय लागली ती या वीस फुटांची. आमच्या मते सीबीचा सामाजिक इतिहास या दोन आकड्यांत मावतो, चार वॅट आणि वीस फूट. सरकारनं शक्ती बांधून ठेवली आणि माणसं कौलांवर चढली.

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिचा चौथा भाग पावणेतीन मीटर, अर्धा साडेपाच मीटर, आणि पाच-अष्टमांश म्हणजे जवळजवळ सात मीटर. (धातूच्या नळीत प्रत्यक्ष माप यापेक्षा थोडं कमी घ्यावं लागतं.) घरगुती अँटेनांची सगळी दुकानदारी या तीन मापांभोवती फिरत होती. सगळ्यात साधी ‘ग्राउंड प्लेन’: मध्ये उभी पाव लहरीची दांडी आणि तिच्या मुळाशी चहूबाजूंना तेवढ्याच लांबीच्या तीन-चार आडव्या दांड्या, ज्या जमिनीचं काम करतात. या आडव्या दांड्या सरळ ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास येतो. केबल आणि सेट असतात ५० ओहमचे. दांड्या साधारण ४५ अंशांत खाली कललेल्या ठेवल्या की रोध ५० कडे सरकतो. जुन्या फोटोंत छपरावर मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखं जे दिसतं ते हे. नेम न चुकता तसं वाकवलेलं आहे, वाऱ्यानं नव्हे. ज्यांच्या खिशात जास्त पैसे होते ते पाच-अष्टमांश घ्यायचे, कारण ती आकाशाकडे जाणारी शक्ती वाचवून क्षितिजाकडे जास्त टाकते.

आणि आता जुळवणी. शेताच्या पाटात पाणी सोडलंय आणि पुढचं दार अर्धवट बंद आहे असं समजा. काही पाणी पुढे जाईल, काही दारावर आपटून मागे येईल, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटांची पाटात जागच्या जागी खळबळ माजेल. केबलमध्ये रेडिओच्या शक्तीचं हेच होतं. ही खळबळ मोजायचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर, स्टँडिंग वेव्ह रेशो. तो एकास एक असेल तर सगळी शक्ती पुढे गेली. दीड असेल तर ४ टक्के परत येते, दोन असेल तर ११, तीन असेल तर २५ टक्के. म्हणजे दीडच्या खाली आणण्यासाठी रविवार वाया घालवणाऱ्यांना ऐकणाऱ्याच्या कानाला फरक कळेल असं काहीच मिळत नव्हतं! तरी लोक घालवत. का घालवत, त्याला कारण आहे.

साठच्या दशकातले घरगुती सेट बरेचसे व्हॅल्व्हचे. त्यांच्या शेवटच्या टप्प्यात जुळवून घेणारं सर्किट असायचं, दोन फिरत्या बटणांनी अँटेनाचा थोडाफार वाकडेपणा सेटच पोटात घालायचा. सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरचे सेट आले, स्वस्त झाले, आणि ही सहनशीलता गेली. परत आलेल्या शक्तीनं शेवटचा ट्रान्झिस्टर तापायचा, कधी कधी जळायचा. दुरुस्तीचा खर्च नव्या सेटच्या जवळपास. तेव्हा एसडब्ल्यूआर मीटर ही चीज प्रयोगशाळेतून निघून शिधापाण्याच्या सामानासारखी घरात आली. आमच्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक शाळेनंतर उघडलं नाही, असे गवंडी, ट्रकवाले, गृहिणी, शेतकरी परावर्तित शक्ती मोजायला शिकले, कारण न शिकण्याचा दंड खिशाला बसत होता.

पद्धत अशी. मीटर सेट आणि केबलच्या मध्ये जोडायचा. माइकचं बटण दाबून, तोंडानं काही न बोलता, पुढे जाणाऱ्या शक्तीवर काटा टोकापर्यंत आणून बसवायचा. मग खटका परतीच्या बाजूला टाकायचा आणि आकडा वाचायचा. हे एका चॅनलवर करून उपयोग नाही. सगळ्यात खालच्या, मधल्या आणि सगळ्यात वरच्या चॅनलवर करायचं. वरच्या चॅनलवर आकडा जास्त आला तर अँटेना लांब आहे, कारण वर जावं तशी लहर आखूड होत जाते. खालच्या चॅनलवर जास्त आला तर अँटेना आखूड आहे. टोकाची नळी पान्यानं सैल करून थोडी आत सरकवायची किंवा बाहेर ओढायची. किती थोडी? सांगतो. १ जानेवारी १९७७ ला २३ चॅनलचे ४० चॅनल झाले आणि पट्टा वरच्या बाजूला २७.२५५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. त्यामुळे मधला बिंदू सरकला. अर्ध्या लहरीच्या अँटेनाला त्यासाठी किती आखूड करावं लागलं असेल? हिशेब करा, जेमतेम दीड सेंटिमीटर. न केलं तरी बहुतेकांचं भागलं असतं. पण नवा सेट घेतलेला माणूस मीटर लावून बघणार, चाळिसाव्या चॅनलवर काटा जरा वर दिसणार, आणि तो पुन्हा शिडी लावणार.

तिन्ही चॅनलवर आकडा भयानक आला तर मात्र लांबी सोडून द्यायची आणि जोड तपासायचे. नव्वद टक्के दोष केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरमध्ये, असं जुने लोक म्हणायचे. टक्केवारीची हमी आम्ही देत नाही, पण कच्चा डाग आणि आत शिरलेलं पावसाचं पाणी हे जोडीचे शत्रू खरेच. इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. केबल जितकी वाईट, तितका एसडब्ल्यूआर छान दिसतो! बारीक आरजी-५८ केबल शंभर फूट टाकली तर साधारण २ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त शक्ती वाटेतच उष्णता होऊन जाते. परत येणारी शक्तीही त्याच वाटेनं येताना झिजते. खाली मीटरवर ती दिसतच नाही. मालक खूश, आवाज मात्र गावाच्या वेशीपर्यंत. जाड आरजी-८ महाग, ताठ, खिडकीतून वळवायला त्रासाची. पण नुकसान निम्म्यावर. आणि केबलची लांबी कापून एसडब्ल्यूआर सुधारतो हा जो समज अजूनही ऐकू येतो, त्यानं मीटरवरचा आकडा हलू शकतो, अँटेना तिथल्या तिथेच राहते. ताप कमी दाखवण्यासाठी थर्मामीटर झटकण्यासारखं आहे ते.

शेजाऱ्यांचं काय? त्यांचं ऐकायलाच हवं. २७ ची दुप्पट ५४. अमेरिकेत टीव्हीचं चॅनल २ सुरू व्हायचं नेमकं ५४ मेगाहर्ट्झला. सेटमधून दुप्पट फ्रिक्वेन्सीचा थोडाजरी अंश गळला की शेजारच्या घरात ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर आडव्या पट्ट्या. काही जण मुळात चोरून शेकडो वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर लावायचे. १९७८ मध्ये एफसीसीनं या पट्ट्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या विक्रीवरच बंदी आणली. चूक कुणाची, हे शेजारी विचारत नसत. त्यांना छपरावरची काठी दिसायची.

१९७३ च्या तेलसंकटानंतर, ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेनंतर, सीबीची लाट आली. परवान्यासाठी महिन्याला लाखोंनी अर्ज येऊ लागले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड सुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावानं बोलायच्या. चॅनल ९ संकटकाळासाठी राखून ठेवलेलं होतं, आणि रिअ‍ॅक्टसारख्या १९६२ पासूनच्या स्वयंसेवी संघटनांचे लोक घरच्या बेसवर आळीपाळीनं त्यावर कान ठेवून बसायचे. रस्त्यावर अपघात झाला तर फोनच्या आधी यांच्याकडे बातमी यायची. हे काम चांगल्या अँटेनाशिवाय होत नाही. म्हणजे छपरावर चढण्यामागे हौस होती तशी जबाबदारीही होती.

आणि याच काळात माणसं मरायला लागली.

नीट डोळ्यांसमोर आणा. बाजारातून आणलेली सहा-सात मीटरची अॅल्युमिनियमची अँटेना. ती वीस फुटी लोखंडी पाइपच्या टोकाला यू-बोल्टनं आवळलेली. आडवी असताना चाळीस फुटांची धातूची काठी. एक जण बूड पायानं दाबून धरतो, दुसरा-तिसरा ती डोक्यावरून ढकलत ढकलत उभी करतात. वर जाईल तसा शेंडा झुलायला लागतो, वारा असला तर विचारूच नका. अमेरिकन उपनगरांत घरामागच्या कडेनं लाकडी खांबांवरून उघडी वीजवाहिनी जाते. ७२०० व्होल्टची लाइन तिथे सर्रास आहे. आपल्याकडच्या ११ केव्हीच्या तारा गच्चीजवळून जाताना तुम्ही पाहिल्या असतीलच. शेंडा त्या तारेला नुसता टेकला की वीज अँटेनातून पाइपमध्ये, पाइपातून हातात, हातातून जमिनीत. पाइप जितक्यांनी धरलाय तितक्यांमधून. बाप आणि मुलगा. दोन शेजारी. मदतीला आलेला मेव्हणा.

इथे आम्हाला जुळवणी आणि मृत्यू यांचा संबंध दिसतो, आणि सीबीच्या इतिहासात तो फारसा कुणी मांडत नाही. अँटेना जमिनीवर आडवी असताना जुळवता येत नाही. जमीन, भिंत, जवळ उभा असलेला माणूस, सगळे तिचा आकडा बदलतात. ती जागेवर उभी करूनच मोजावी लागते. पण नळी सरकवायची तर ती खाली आणावी लागते. म्हणजे वर, खाली, पुन्हा वर. एसडब्ल्यूआर १.८ वरून १.३ वर आणायला, जो फरक कुणाच्याही कानाला कळणार नाही, चाळीस फुटी काठी एका दुपारीत तीन-चार वेळा उभी-आडवी व्हायची. आणि दमलेले हात.

ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं, म्हणजे सीपीएससीनं, १९७८ मध्ये पहिलं पाऊल उचललं: सीबीच्या बेस अँटेना, टीव्हीच्या बाहेरच्या अँटेना आणि त्यांचे खांब यांच्यावर धोक्याची पट्टी आणि सोबत उभारणीच्या सुरक्षित सूचना सक्तीच्या. सूचना साध्या भाषेत होत्या, ते त्यांचं श्रेय. अँटेना आणि खांब यांची उंची मिळवा, बेरजेची दुप्पट करा, तारेपासून निदान तेवढं लांब राहा. ओल्या किंवा वाऱ्याच्या दिवशी काम काढू नका. धातूची शिडी वापरू नका. अंतर जमत नसेल तर थांबा, जाणकाराला बोलवा. आता चाळीस फुटांची दुप्पट म्हणजे ऐंशी फूट. उपनगरातल्या किती परसांना हे जमणार होतं? सूचना पाळायची तर कित्येकांनी अँटेना लावायलाच नको होती, आणि हे आयोगालाही कळत असणार.

म्हणून पुढचं पाऊल वस्तूवरच टाकलं. सर्व दिशांना बोलणाऱ्या बेस अँटेनांसाठी १९८२ मध्ये सुरक्षा मानक जाहीर झालं: १४,५०० व्होल्टच्या तारेला अँटेना टेकली तरी तिच्यातून खाली जाणारा प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या वर जाता कामा नये. माणूस चुकणार हे धरून चालायचं आणि विद्युतरोधन अँटेनाच्या अंगावरच घालायचं, असा हा विचार. अॅल्युमिनियमच्या उघड्या नळीला ही परीक्षा अवघड. फायबरग्लासच्या आवरणात तार बंद केलेली अँटेना आज घरगुती सीबीत सर्वत्र दिसते. सतराएक फुटांची अँट्रॉन ९९ ही त्यातली बहुतेकांच्या परिचयाची. तिची जुळवणी बुडाशी असलेल्या दोन कड्या फिरवून होते.

मानक लागू झालं २४ मे १९८३ ला. त्याच्या महिनाभर आधी, २८ एप्रिलला, एफसीसीनं सीबीचा परवानाच रद्द केला होता. आता कुणीही सेट घ्यावा आणि बोलावं. पण लाट केव्हाच ओसरली होती. सुरक्षित अँटेना आल्या तेव्हा घेणारे थोडे, आणि जुन्या अॅल्युमिनियमच्या लाखो काठ्या छपरांवर तशाच उभ्या. मानक नव्या मालाला लागू, छपरावरच्या जुन्याला नाही. शिवाय एका दिशेला रोखलेल्या ‘बीम’ अँटेना त्यात नव्हत्याच. या जुन्या काठ्या पुढच्या वर्षांत उतरवल्या गेल्या, छप्पर दुरुस्त करताना, घर विकताना, केबल टीव्ही आल्यावर. उतरवताना तारा तिथेच होत्या, आणि काठी धरणाऱ्याजवळ सूचनांचा कागद बहुधा नव्हता.

त्या कागदावरची एक सूचना सांगून थांबतो, मग प्रश्न घेऊ. अँटेना हातातून निसटायला लागली तर? तिला सावरायला जाऊ नका, बाजूला व्हा आणि पडू द्या. आणि ती तारेवर पडली तर हात लावू नका, काठीनं ढकलू नका, वीज कंपनीला फोन करा.